बारीक आहे, तरी शुगर कशी? पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांनी दिलेलं उत्तर

(हे या भागाचं लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवलाय. प्रवासात अर्धवट ऐकलं असेल तर उरलेलं इथे वाचून काढा.)

लासुर्ण्यातून बोलतोय. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, त्यांचा आवाज मधेमधे येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. पाठवणारा आपल्याच भागातला. वय २६, वजन ५४ किलो. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागताना मेडिकल केलं, तर रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची शुगर ११४. तो म्हणतो, "दादा, घरात कुणी जाड नाही, मी तर काडी आहे. लॅबवाल्याचं काहीतरी चुकलं असणार ना?"

लॅबचं चुकलेलं असू शकतं, म्हणून तपासणी परत करायचीच. पण "काडी आहे म्हणून शुगर होणार नाही" हे गृहीतक मात्र खरं नाही. आणि ते खरं नाही हे जगाला ज्या संशोधनाने दाखवलं, ते आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत झालंय. ते काय होतं, कुणाच्या पैशाने झालं, आणि त्याचा फायदा तुम्हाआम्हाला मिळतो की नाही, हे आज बोलूया.

आधी उसाचं बोलू

संशोधन म्हटलं की पांढरा कोट आणि मोठी शहरं डोळ्यासमोर येतात. पण आपण सगळे सरकारी संशोधनावरच जगतोय. ८६०३२ कुणाच्या रानात नाही? हा वाण कोइमतूरच्या केंद्र सरकारच्या ऊस संस्थेत तयार झाला आणि १९९६ मध्ये पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून महाराष्ट्रासाठी पुढे आला. पाडेगाव म्हणजे फलटण तालुका, आपल्याच नीरेच्या खोऱ्यातलं. २००७ मधला फुले २६५ सुद्धा तिथलाच.

आता गंमत बघा. एकदा वाण शेतात आला की बेणं शेजाऱ्याच्या रानातून आणता येतं. पुढच्या लागणीला परत कंपनीकडे जायची गरज नाही. मग अशा वाणावर दहा-बारा वर्षं पैसा कोण घालणार? ज्याला विकून नफा काढायचाय तो घालणार नाही. म्हणून तो सरकार घालतं, म्हणजे आपण घालतो. रिचार्ज मारला की १८ टक्के जीएसटी जातो, त्यातलाच तो पैसा.

औषधांचंही असंच आहे. नवी गोळी निघाली तर कंपनी हजारो कोटी लावते, कारण पेटंट मिळतं. यात वाईट काही नाही, तो धंदा आहे. पण "रोज अर्धा तास चाललं तर शुगर टळते का?" हा प्रश्न कोण विचारेल? चालण्याचं पेटंट कुणालाच मिळत नाही. "गरोदर बाईच्या ताटात काय कमी पडलं म्हणून तिच्या मुलाला पंचविशीत शुगर झाली?" या प्रश्नाचं उत्तर मिळायलाच पंचवीस वर्षं लागतात. एवढा वेळ कुठली कंपनी थांबणार?

शुगर, बीपी, हृदयविकार हे असे आजार आहेत की ते एकदा जडले की जन्मभर सोबत राहतात. ते होऊच नयेत म्हणून जे करायचं, त्यात विकण्यासारखं फार थोडं असतं. म्हणून ते संशोधन सगळ्यांच्या पैशाने व्हावं लागतं.

१९९३, सहा गावं

आता मूळ गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये (मुंबईचं नव्हे, पुण्याचं) डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करतात. पेशंट बघताना त्यांच्या लक्षात येत होतं की परदेशी पुस्तकातला मधुमेही वयस्कर आणि जाडजूड असतो, आणि इथे येणारे बरेचजण तरुण असतात, अंगाने बेताचे असतात. असं का?

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर तेव्हा एक वेगळंच म्हणत होते. त्यांचं म्हणणं, म्हातारपणीच्या आजारांचं मूळ आईच्या पोटात असतं. बाळाची तिथे आबाळ झाली की पुढे जन्मभर शरीर ती किंमत मोजतं.

हे आपल्याकडे तपासायचं तर काय करावं लागेल? बायका गरोदर राहण्याआधीपासून मोजमाप सुरू करावं लागेल. मग १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू झालं. साधारण अडीच हजार विवाहित बायकांची नोंद झाली. दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायची. जरा विचार करा. १९९३ मधलं खेडं, घरात सासू बसलेली, आणि नव्या सुनेला कुणीतरी पाळीची तारीख विचारतंय. कामाला लागलेल्या माणसांनी तो विश्वास कमावला असणार, त्याशिवाय हे शक्य नाही. आणि त्या बायकांनी तो दिला.

दिवस गेले की सोनोग्राफी, रक्त तपासणी, ताटात काय होतं त्याची नोंद, दिवसभरात किती पाणी वाहिलं, रानात किती काम केलं त्याचीही नोंद. मग बाळ जन्मलं की वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि चिमट्यासारख्या यंत्राने कातडीखालच्या चरबीची जाडी. सातशेच्या वर बाळं अशी मोजली गेली.

या आयांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास. आणि बाळाचं सरासरी वजन साधारण २.७ किलो. साउथॅम्प्टनच्या बाळाचं साधारण ३.५.

इथपर्यंत कुणालाही अंदाज येईल. आश्चर्य पुढे आहे. आपलं बाळ सगळीकडून लहान होतं, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. पण पाठीवरची, कातडीखालची चरबी? ती मात्र जवळपास टिकून होती. म्हणजे अंगाने किरकोळ, पण आतल्या हिशोबात चरबीचा वाटा जास्त. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं 'थिन-फॅट', म्हणजे बारीक तरी चरबीदार बाळ. २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या नियतकालिकात एक फोटो आला. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाट्यावर दोघं सारखेच. कारखान्यावर दोन ट्रॉल्यांचं वजन एकच भरतं, पण साखरेचा उतारा वेगळा निघतो, तसंच हे. काटा सगळं सांगत नाही.

ताटात काय कमी होतं?

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. बाळ लहान का राहिलं? आईला भाकरी कमी पडली म्हणून?

पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि या टीमने जेवणाच्या नोंदी तपासल्या. आगरकर ही केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी संस्था. तर निघालं असं, की एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिनं पोटात गेली यावरून बाळाच्या वजनाचा फारसा पत्ता लागत नव्हता. पत्ता लागत होता तो दूध, पालेभाजी आणि फळं आईच्या ताटात किती वेळा आली यावरून. ज्या आया हे जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती.

दुसरी गोष्ट रक्तात सापडली. जवळजवळ दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. पालेभाजीतून नाही मिळत.

इथे आपल्या भागासाठी मी थोडा थांबणार आहे. इंदापूर-बारामतीत दूध कमी आहे का हो? सकाळ-संध्याकाळ डेअरीसमोर किटल्यांची रांग असते. पण किती घरांत चहापुरतं दूध ठेवून बाकीचं सगळं डेअरीला जातं? आणि जे उरतं ते आधी कुणाच्या ताटात जातं, सुनेच्या का? मी कुणाला बोल लावत नाहीये, घर चालवायला दुधाचे पैसे लागतातच. पण हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःला विचारावा असा आहे.

मुलं मोठी झाली

मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा परत तपासलं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिन नीट काम न करण्याची लक्षणं सगळ्यात जास्त दिसली. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. एक इशारा लगेच देतो. याचा अर्थ गरोदरपणातली फॉलिक ॲसिडची गोळी बंद करायची असा अजिबात नाही. त्या गोळीने बाळाच्या मणक्याचे गंभीर दोष टळतात. याचा अर्थ एवढाच, की बी-१२ कडेही बघायला हवं. डॉक्टरांना विचारा.

आणि मग १८ वं वर्ष. हा आकडा ऐका. त्या गावांतल्या १८ वर्षांच्या मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची शुगर नेहमीपेक्षा वर होती. बहुतेकांची उपाशीपोटीची. आणि यातली कितीतरी मुलं वजनाने कमी होती, बारीक होती. ज्यांची पोटात असताना वाढ कमी झाली होती, त्यांना धोका जास्त दिसला.

व्हॉइस मेसेजवाल्या मित्रा, तुझं उत्तर इथे आहे. तुझ्यासारख्या पोरांचं आयुष्य पोटात असल्यापासून मोजलेलं आहे. तू अपवाद नाहीस.

पैसा कुणाचा होता?

आता थोडं कडू बोलू. १९९३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या आयांचं मोजमाप करायला मुख्य पैसा आला तो लंडनच्या वेलकम ट्रस्टकडून. तो सरकारी पैसा नव्हे, धर्मादाय ट्रस्टचा. पुढच्या टप्प्यांत आपल्या केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचेही पैसे लागले. चांगलंच झालं. पण आपल्या लेकरांना शुगर का होते, हा प्रश्न विचारायला पहिला पैसा सातासमुद्रापलीकडून यावा लागला, हेही खरंच आहे.

भारत सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. हा २०२०-२१ चा आकडा. शंभर रुपयांतले चौसष्ट पैसे. त्यात रॉकेट आलं, ऊस आला, संरक्षण आलं आणि औषधंही आली.

तरी सरकारी पैसा लागला की काय होतं याचीही उदाहरणं आहेत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या पैशातून 'इंडियॅब' नावाची देशभरची पाहणी झाली. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. २०११ मध्ये निकाल आला, महाराष्ट्रात मोठ्या माणसांत १०० पैकी साधारण ८ जणांना मधुमेह, आणि जवळजवळ १३ जण काठावर. काठावरचे जास्त! २०२३ मध्ये अख्ख्या देशाचा हिशोब आला, १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख काठावर. ही पाहणी झाली नसती तर आपण अजून "हा श्रीमंतांचा आजार" म्हणतच बसलो असतो.

बीपीचंही घ्या. आयसीएमआर, आरोग्य खातं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत एक काम सुरू केलं. महाराष्ट्रातून आपला शेजारचा सातारा होता, शिवाय सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. नवं औषध त्यात काहीच नव्हतं. कोणती गोळी आधी, नंतर कोणती, हे सगळ्या केंद्रांत एकसारखं ठरवायचं. गोळी महिनाभराची द्यायची. पेशंट आला नाही तर त्याचा पाठपुरावा करायचा. साधंच काम, पण ते मोजून-मापून करून बघितलं, आणि मग ते इतर जिल्ह्यांत पसरलं. हेही संशोधनच आहे.

काठावरून मागे फिरता येतं का?

येतं. आणि याचा पुरावाही सरकारी पैशातूनच आला. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने काठावरच्या ३,२३४ लोकांचे तीन गट केले. एकाला नुसतीच दिसायला सारखी गोळी, एकाला मेटफॉर्मिन, आणि एकाला सांगितलं की वजन थोडं उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला. २००२ मध्ये निकाल छापून आला. गोळीने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, आणि चालण्या-जेवणाने ५८ टक्क्यांनी.

पण ती माणसं जाड होती, आपली नाहीत, असं कुणी म्हणेल. म्हणून चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीय माणसांवर तसाच अभ्यास केला. २००६ चा निकाल. साधारण तीन वर्षांत, ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्या मागे लागून चालणं आणि जेवण सुधारलं, त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे दर शंभरात १६ माणसं वाचली. पण ५५ हाही आकडा लक्षात ठेवा. आपल्याकडे काठावरून पलीकडे जायला फार वेळ लागत नाही.

मग हा प्रयोग आपल्यावरच का?

हा प्रश्न येतोच, आणि यायलाच पाहिजे. सहा गावांतली तीच मुलं सतरा-अठरा वर्षांची झाल्यावर २०१२ मध्ये 'प्रिया' नावाचा पुढचा अभ्यास सुरू झाला. एका गटाला रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी-१२, एका गटाला त्यासोबत इतर जीवनसत्त्वं आणि खनिजं, आणि एका गटाला नुसतीच दिसायला सारखी गोळी. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. ती मुलं पुढे आई-बाप झाली, त्यांच्या मुलांचीही तपासणी झाली. बी-१२ मिळालेल्या आयांची मुलं भाषा आणि आकलनाच्या चाचण्यांत काहीशी पुढे दिसली. संख्या लहान होती, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे, पण दिशा कळली.

आता अशा कामात कुणी तुमच्या दारात आलं, तर तुमचे हक्क माहीत असू द्या. सगळी माहिती मराठीत, तुम्हाला समजेल अशी मिळाली पाहिजे. संमतीपत्राची प्रत मागा. मधेच "मला नको" म्हणता येतं, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. नैतिकता समितीची परवानगी लागते. २००९ पासून अशा प्रत्येक औषध-चाचणीची सरकारी नोंदणी सक्तीची आहे, आणि ती तुम्ही मोबाईलवर शोधू शकता. शिवाय तुमच्या रक्ताचा रिपोर्ट तुम्हाला मिळायला हवा, तो मागा.

हे सगळं नीट असेल, तर मात्र "आम्हाला काय त्याचं" म्हणून दार लावू नका. ती अडीच हजार घरं दार लावून बसली असती, तर आज आपल्याला काहीच कळलं नसतं.

मोबाईल खाली ठेवून करायच्या गोष्टी

एक. कमरेचं माप घ्या. शिंप्याचा टेप, बेंबीच्या पातळीला, पोट आत न ओढता. पुरुष ९० सेंटिमीटरच्या वर, बायका ८० च्या वर, तर तपासणी करा, मग वजन कितीही असो. आणि घरात आई-वडिलांना शुगर असेल किंवा जन्माच्या वेळी तुमचं वजन कमी होतं असं आई सांगत असेल, तर माप बरोबर असलं तरी एकदा शुगर बघा.

दोन. घरातल्या तिशीपुढच्या माणसांची यादी करा. आशाताई एक फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरातला इतिहास यांचे गुण धरतात. गुण चारच्या वर गेले तर तपासणी आधी. बीपी, शुगर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, यांची प्राथमिक तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे. आशाताई आल्या की "घरी कोणी नाही" असं सांगू नका. त्या फॉर्मच्या मागे इतक्या वर्षांचं संशोधन आहे.

तीन. लग्न ठरलेली बहीण, नवी वहिनी, बायको, जी कोणी असेल, तिच्या ताटात आजपासून दूध-दही, पालेभाजी आणि फळ. खात असाल तर अंडं. दिवस गेल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून. आणि तुमच्या स्वतःच्याही ताटात.

चार. ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: गावात तिशीपुढचे किती, त्यातल्या कितीजणांची तपासणी झाली, आणि ज्यांना बीपी-शुगर निघाली त्यातले किती आज गोळी घेतायत? तीनच आकडे. रस्त्याचा आणि पाण्याचा हिशोब आपण मागतो, तसा हाही मागायचा. वाण पाडेगावातून निघतो, पण बेणं रानात लावायचं काम आपलंच असतं ना?

आज एवढंच. कमरेचं माप काय आलं ते मला सांगू नका, घरच्यांना सांगा. पुढच्या भागात मिठाबद्दल बोलू, ते लोणच्यात किती आणि फरसाणात किती. तोपर्यंत काळजी घ्या. राम राम.